चोवीस वाट्या

भौतिकशास्त्राच्या मॅडमची नोकरी आज एका तासावर आली होती. तीन वर्षं हंगामी काढली, आता तपासनीस मागच्या बाकावर येऊन बसले होते. तास पसंत पडला तर कायम, नाही तर नारळ.

मॅडमनी चोवीस विद्यार्थ्यांपुढे एकेक वाटी ठेवली आणि प्रत्येकीत दोन बटणं टाकली. विद्यार्थी म्हणजे कण, बटण म्हणजे ऊर्जा. सगळ्यांच्या हजेरी नंबरांच्या चिठ्ठ्यांचा डबा फिरवायचा. ज्याच्यापाशी येईल त्याने चिठ्ठी काढून नंबर मोठ्याने वाचायचा, त्या नंबरच्या वाटीत आपलं एक बटण टाकायचं आणि चिठ्ठी परत डब्यात. स्वतःची वाटी रिकामी असेल तर डबा पुढे. पाच-सहा फेऱ्यांत आठेक वाट्या रिकाम्या होतात, बऱ्याच वाट्यांत एखाद-दुसरं बटण राहतं आणि कोणीतरी एकटाच सात-आठ बटणं घेऊन बसतो. हे कोणी ठरवून करत नाही. बटणं वाटली जाण्याचे जेवढे म्हणून प्रकार आहेत, त्यांतले बहुतेक असेच असतात, म्हणून तसं होतं. दोन वर्षांत या प्रयोगाने एकदाही दगा दिला नव्हता.

आज दिला. मॅडमनी फळ्यावर आकडे मांडले, तर एकही वाटी रिकामी नाही. सगळ्यांकडे एक, दोन, फार तर तीन. तपासनीसांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. वर्ग मात्र साळसूद चेहरा करून बसला होता, आणि हा साळसूदपणा मॅडम चांगल्याच ओळखून होत्या.

मागच्या वर्षीचा तक्ता कपाटात होता. तो टांगून वेळ मारून नेता आली असती, आणि तसा मोह झालाही. पण त्यांनी सरळ विचारलं, चिठ्ठीवर एक नंबर असताना दुसराच कोणी वाचला?

एक हात वर गेला, मग दुसरा, मग अर्धा वर्ग. पहिल्या बाकावरची बडबडी उभी राहिली.

"मागच्या बाकावरच्या घुमीची वाटी रिकामी झाली, मॅडम. साहेब नेमके तिच्याच शेजारी. म्हटलं, त्यांना वाटेल तुमचा प्रयोग बिघडला. म्हणून ज्याची वाटी रिकामी, त्याचाच नंबर वाचत गेलो."

म्हणजे मॅडमना वाचवायला निघून पोरांनी त्यांनाच बुडवलं होतं. रागवावं तरी कसं?

"कणांना शेजाऱ्याची वाटी दिसत नाही," मॅडम म्हणाल्या. "तुम्हाला दिसते. तिथेच सगळं चुकलं."

मग तपासनीसांकडे वळून त्यांनी प्रयोग फसल्याचं कबूल केलं आणि पंधरा मिनिटं मागितली. साहेबांनी घड्याळ पाहिलं, जरा विचार केला आणि मान डोलावली.

या खेपेला वाट्या वह्यांखाली झाकल्या आणि प्रत्येक चिठ्ठी शेजाऱ्याने तपासली. फेऱ्या संपल्यावर मॅडमनी विचारलं, कोणाची रिकामी? एकेक करून आठ वाट्या वर झाल्या.

मग घुमी उठली. वर्षभरात तिने वर्गात आपणहून तोंड उघडलं नव्हतं. तिने वाटी उपडी करून सगळ्यांना दाखवली.

"मॅडम, माझी याही वेळी रिकामी," ती म्हणाली, आणि पहिला नंबर आल्यासारखी हसली.

साहेबांनी कागदावर 'कायम' लिहून सही केली. मॅडम मात्र पाठमोऱ्या उभ्या राहून फळ्यावरचा नऊचा आकडा गिरवत होत्या. डोळे भरून आलेले पोरांना दिसायला नकोत म्हणून.