खांबाभोवतीची फट

खांब आणि फळ्या यांच्यात मी बारा मिलिमीटर फट ठेवली होती, चारही बाजूंनी सारखी. रविवारी दुपारी परसात गेले, तर फट नव्हती. तिच्या जागी करडं सिमेंट होतं, थापीनं गुळगुळीत केलेलं. नख रुतवून पाहिलं. वरचा थर धरला होता, आत अजून ओल होती.

आकाश पाहण्यासाठी मी परसात एक स्वस्तातली खोपी उभी करत होते. मी शाळेच्या प्रयोगशाळेत काम करते. तिथून मोडीत निघालेली चार लाकडी दारं भिंतींसाठी मिळाली होती. वर पत्र्याचं हलकं छप्पर, चाकांवरून बाजूला सरकणारं. मधोमध दुर्बिणीसाठी काँक्रीटचा खांब. हा खांब सरळ मातीत चार फूट उतरतो आणि फळ्यांची जमीन त्याला कुठेही शिवत नाही. शिवली, तर माणसानं नुसता एका पायावरचा भार दुसऱ्यावर टाकला तरी दुर्बिणीतला तारा नाचायला लागतो.

मला एकाच ताऱ्याची पडली होती. तो सहा वर्षांतून एकदा काही आठवडे मंदावतो. मागच्या वेळी त्याच आठवड्यांत बाबा गेले आणि माझ्या वहीची ती पानं कोरी राहिली. आता वीस दिवस उरले होते. रोज दुर्बीण उचलून बाहेर आणायची, लावायची, परत आत न्यायची, हे माझ्या कमरेला झेपत नव्हतं. खोपी झाली तरच यंदाच्या नोंदी होणार होत्या.

लाकडाचं काम दादानं केलं. तो सुतार आहे, आणि आपल्या घरात लाकडाला दुसऱ्याचा हात लागलेला त्याला खपत नाही. तीन रविवार तो कुरकुरत राबला. खोपीला तो खुराडं म्हणायचा आणि अंडी कधीपासून मिळणार म्हणून विचारायचा. वहिनी खिडकीतून ऐकवायची की वाळत घालायच्या कपड्यांची जागा गेली, आता कपडे चंद्रावर वाळवू. मी ऐकून घेत होते. फुकट राबणाऱ्या माणसाला उलट बोलायला जीभ रेटत नाही.

शिवाय आमच्या घरात तो कागद होता. घर बाबांच्या मागे आम्हा दोघांच्या नावावर झालं. माझा अर्धा हिस्सा दादाच्या नावे करून द्यायचा, असा तो कागद. बाबांचे दिवस होताच त्यानं तो माझ्यापुढे ठेवला होता. मी नाही म्हटलं नाही, सहीही केली नाही. बघू, म्हटलं. तेव्हापासून दर दोन-तीन महिन्यांनी तो विचारतो आणि मी बघू म्हणते. मागच्या आठवड्यात तो म्हणाला की तुझं ‘बघू’ आता शाळेत घालायच्या वयाचं झालं.

दादाला हाक मारली. तो हात पुसत आला. फट कुणी बुजवली, विचारलं, तर म्हणाला, मी, सकाळी, आणखी कोण. लोकांनी पाहिलं तर म्हणतील, सुताराला माप जमलं नाही. तीन वेळा सांगून झालं होतं की फट मुद्दाम आहे. त्याचं म्हणणं, मुद्दाम ठेवलेली असली तरी फट ती फटच.

मी वाद घातला नाही. पसरट वाटीत पाणी भरून खांबाच्या माथ्यावर ठेवली आणि त्याला फळ्यांवर चालायला सांगितलं. तो चालला. पाण्यावर बारीक वर्तुळं उठली. तो थांबला, ती विरली. पुन्हा चालला, पुन्हा उठली. तो वाकून वाटीत डोकावला.

“पाणी आहे, हलणारच,” तो म्हणाला. पण आवाजात दम नव्हता.

मी गुडघ्यांवर बसले आणि स्क्रूड्रायव्हरनं सिमेंट उकरायला घेतलं. संध्याकाळपर्यंत ते दगड झालं असतं. तसं वाकलेलं असतानाच समोर स्वयंपाकघराच्या मागच्या दाराचा उंबरा दिसला. फळ्यांच्या रेषेत, अगदी डोळ्यांसमोर.

मी उठले. पारदर्शक नळीत पाणी भरलं, एक टोक उंबऱ्याशी धरायला दादाला सांगितलं, दुसरं फळ्यांशी धरलं. त्यानं का म्हणून विचारलं नाही. चार मीटरच्या अंतरात दोन्हींच्या पातळीत दोन मिलिमीटरचाही फरक नव्हता. मी जमीन वीतभर उंच मागितली होती. ओल चढते म्हणून त्यानं ती वाढवली होती, आणि मी मान डोलावली होती. ओलीसाठी वाढवलेली उंची अशी उंबऱ्याशी तंतोतंत जुळत नाही. खाली तुळयाही दुप्पट जाड घातल्या होत्या. खुराड्याला तेवढ्या लागत नाहीत.

“इथे खोली काढायची आहे तुला,” मी म्हटलं.

“कधीतरी काढायचीच होती. हत्यारं कुठे ठेवू? तुझ्या चांदण्यांवर?”

वहिनी दारात आली. ताई, तुम्हाला त्रास नको म्हणूनच बोललो नाही, ती म्हणाली. दोन वर्षं तुमचा छंद होईल, मग भिंती चढतील, खांब मधे तसाच राहिला तरी हरकत नाही, त्याला कपाट टेकवता येईल. तिनं हे अगदी समजूतदारपणे सांगितलं.

मी पुन्हा खाली बसले. दुसरी बाजू उकरायला घेतली. दादा माझ्या डोक्यावर उभा होता.

“उकर, उकर. मी पुन्हा भरीन. माझ्या परसात काय भरायचं आणि काय मोकळं ठेवायचं, हे मास्तरीणबाईंना विचारून नाही ठरणार.”

“तुझ्या परसात?”

“मग कुणाच्या? सहा वर्षं तोंड शिवून बसलीस. मी काय समजायचं?”

त्यानं तेच समजावं अशी सोय माझ्या गप्प बसण्यानंच करून दिली होती. तिसरी बाजू जास्त घट्ट झाली होती. स्क्रूड्रायव्हर सटकला आणि अंगठ्याला लागला. अंगठा पदराला पुसला, पण उठले नाही.

“सही कधी करतेस तेवढं सांग,” तो म्हणाला. “आज सांग. बघू म्हणू नकोस.”

“दादा, मी सही करणार नाही. अर्धं घर माझं आहे, आणि ते माझंच राहील.”