वैशाखातली गिटार

पौर्णिमानं तारा सैल केल्या, गिटारीच्या भोकातून दोन बोटं आत घातली आणि अंकुरकडे न पाहता विचारलं,

"गाडीत ठेवली होती काय?"

"नाई, ताई."

"मंग गच्चीवर नेली असन. उन्हात."

"मी गच्चीवर कपडे वाळू घालाले जात नाई, तं गिटार कायले नेऊ?"

सकाळच्या एसटीनं ती अकोल्याहून अमरावतीला भांडायला म्हणूनच आली होती. बडनेरा येईपर्यंत तिनं मनात वाक्यं रचून ठेवली होती, आणि एकही वाक्य मऊ नव्हतं. अंकुर राजापेठेच्या मागं गिटारीचे वर्ग घ्यायचा. ही लहान अंगाची गिटार तिनं बनवली होती आणि मागच्या श्रावणात तो कौतुकानं घेऊन गेला होता. आता चैत्र सरत आला होता आणि वरच्या फळीला भोकापासून बुडापर्यंत चीर गेली होती.

चीर जोडता येते. पण या माणसानं चिरेचा फोटो वाजवणाऱ्यांच्या ग्रुपवर टाकला होता, आणि खाली लिहिलं होतं, 'अकोल्याचं काम.' तेव्हापासून तिचा फोन मुका झाला होता. गिटार पाहायला येतो म्हणणारे येईनासे झाले होते.

मोठ्या पोटाच्या गिटारी कुठल्याही दुकानात मिळतात. त्यांचा खर्ज खोलीभर घुमतो आणि गाणाऱ्याचा आवाज खाऊन टाकतो. पौर्णिमा आवळ कंबरेची, छोट्या अंगाची गिटार करायची. मागं जुन्या दरवाज्यांचं सागवान, वर देवदाराची पातळ फळी. बोटानं तार छेडली की सूर पसरत नसे. तो सरळ समोरच्याच्या कानाशी जायचा, जवळ बसून कुणी हळू बोलावं तसा. त्यासाठी फळी इतकी तासायची की अंगठ्यानं ठोकली तर थाळीसारखी बोलली पाहिजे. मग तिला आतून पट्ट्या चिकटवायच्या, गरम सरसानं. पट्टी जरा जाड राहिली की आवाज दबला. हे काम ती कुणाच्या हातात देत नसे. म्हणून तो फोटो तिला तोंडावर थुंकल्यासारखा झोंबला होता.

"तो फोटो काढा आधी," ती म्हणाली. "मंग बोलू."

"फोटो खोटा हाय काय?"

"फोटो खरा हाय. निगा खोटी हाय. लाकूड हाय ते, लोखंड नाई. कुठंबी फेकलं अन् राह्यलं, असं नसते."

अंकुर उठला. कपाटातून त्यानं गिटारीची पेटी काढली आणि तिच्यासमोर उघडली. आत एका कोपऱ्यात भोकं पाडलेली साबणदाणी होती, आणि साबणदाणीत ओला स्पंज.

"तुमीच सांगतलं होतं," तो म्हणाला. "कोरड्या दिवसात ओल ठेवा म्हणून. मायच्या तुळशीले पाणी घालाचं भुलतो मी, याले नाई भुलत."

पौर्णिमानं स्पंज दाबून पाहिला. बोटं ओली झाली. ज्याला झोडपायला यावं तोच माणूस नीट वागलेला निघाला, की राग दुप्पट होतो. तिचाही झाला. एक तर खोली बंद, त्यात पंखाही बंद. मधल्या घरात अंकुरची आई सुंदराबाई शेजारणीला घेऊन उडदाचे पापड लाटत बसली होती. खिडकीतला कूलर नुसता शोभेला होता.

"मावशी, तो कूलर तं लावा जराक," पौर्णिमा करवादली. "भांडाले आली तरी मानूसच हावो मी."

"भांड ना वं माय, घामानं भांडन मुरते," सुंदराबाईनं लाटणं थांबवलं नाही. "पापड होऊ दे. कूलरच्या हवेत लाटला का पापड सादळते. दिसाले मस्त दिसते. अन् उन्हात गेला का आखडते, तडकते. मंग सुना म्हनतात, उडीदच खराब होते."

शेजारीण हसली. पौर्णिमा हसली नाही. तिची बोटं पुन्हा भोकातून आत गेली आणि एका पट्टीवर थांबली. दुसऱ्या हाताचा तळवा तिनं वरून फळीवर फिरवला. दोन पट्ट्यांच्या मधे फळी खोल गेली होती, उपाशी पोटासारखी. चीर मारानं गेली नव्हती. फळी आपल्याच अंगात ओढली जाऊन फाटली होती.

मागच्या वैशाखात घरच्या गिटारीच्या कारखान्यात काम करताना तिला ऊन लागलं होतं. सलाईन लावायची पाळी आली होती. ती घरी आली त्याच दिवशी नवऱ्यानं, अश्विननं, कूलर खांद्यावर वाहून आणला आणि कारखान्याच्या खिडकीत बसवला. रोज सकाळी तोच पाणी भरायचा. त्या गार, ओल्या हवेत तिनं देवदाराच्या फळ्यांना पट्ट्या चिकटवल्या. ओलीनं फुगलेली फळी होती तशीच जखडून टाकली. कोरडी हवा लागल्यावर फळीनं आक्रसावं तरी कुठं.

तिचे वडील बुधाजी हार्मोनियम दुरुस्त करायचे. ऐन उन्हाळ्यात, टिनाखाली, दार लावून, पंखाही न लावता ते सरस लावत, आणि कारण विचारलं तर हातानंच गप्प बस म्हणत. मायलेकी मिळून त्यांना चिक्कू म्हणायच्या.

"ताई?" अंकुर म्हणाला.

"तुमची चूक नाई."

"मंग काढू फोटो?"

तिनं गिटार पिशवीत घातली. राग होता तेवढाच होता, पण तो कुणावर काढावा ते तिला दिसेना. आपलेच दात, आपलेच ओठ.

"राहू द्या. खाली अजून लिहा, मागच्या वैशाखात बनवलेल्या साऱ्या गिटारी पौर्णिमा वापस घेते. माहं नाव लिहा. अकोला नका लिहू. अकोल्यानं काय बिघडवलं तुमचं."

दिवस मावळायच्या आत ती घरी पोचली. अश्विन कारखान्याच्या दारातच उभा होता.

"काढला फोटो?"

"नाई."

"मी लावतो त्याले फोन. समजते काय तो सोताले?"

"ठेव तो फोन."

"काहून? भ्याली काय त्याले?"

ती आत गेली. भिंतीवर त्याच वैशाखातल्या दोन गिटारी टांगलेल्या होत्या, चकचकीत, जायला तयार. कूलरच्या हवेत होत्या म्हणून शाबूत होत्या. अश्विन पाण्याची बादली घेऊन तिच्या मागं आला.

"घामानं चिंब झाली तू. थांब, कूलरमंधी पाणी टाकतो, दोन मिनिटात गार होते."

"नको."

"कायले नको?"

"मले गरम नाई होऊन राह्यलं," ती म्हणाली. हनुवटीवरून घाम टपटप पडत होता.

तिनं शेगडी पेटवली, पातळ सुरी तापवली, एक गिटार खाली उतरवून मांडीवर घेतली आणि फळीच्या सांध्यात सुरी घातली. सरस सुटल्याचा उग्र वास आला.

"अवं, चांगली हाय ना ते. कालच वाजवली मी."

"चांगलीच हाय," ती म्हणाली आणि सुरी अशी रेटली की तो मागं सरला.

तो उकललेल्या सांध्यावर वाकला.

"कवाची हाय ही?"

"मागच्या वैशाखातली."

"अन् त्याची?"

"तवाचीच."

अश्विननं खिडकीकडे पाहिलं. मग हातातल्या बादलीकडे.

"मले शिव्या तरी दे एकडाव," तो म्हणाला.

सुरी सांध्यात अडकली होती. तिनं ती ओढून काढली आणि मान वर न करता त्याच्याकडे धरली.

"थंडी झाली. तापवून आन."

त्यानं बादली खाली ठेवली आणि सुरी घेतली.