उत्तर देऊनच उतरायचे

“चारी पाय सारखे टेकले पाहिजेत. एकानं जरी अंग चोरलं, तरी वरचा माणूस पडतो.”

सुताराचा तो घोगरा आवाज मला अजून ऐकू येतो. मी त्याच्या गुडघ्यांत उलटा पडलो होतो आणि तो रंधा मारता मारता स्वतःशीच पुटपुटत होता. मित्रांनो, मी एक जुने लाकडी स्टूल आहे. मोडीत निघालेल्या एका दरवाजाच्या फळ्यांतून माझा जन्म झाला. दरवाजा होतो तेव्हा लोकांना अडवत होतो. स्टूल झालो आणि लोकांना उचलून धरू लागलो.

शिंपीणकाकूंनी मला दुकानात नेले. वरच्या फळीवरचे कापडाचे तागे काढायला त्या माझ्यावर चढत. गणवेशाची मापे घेताना पोरांना माझ्यावर उभे करत. मला डोळे नाहीत, पण तळपाय मला सगळे सांगतात. कोण घाबरले आहे, कोणाला शू लागली आहे, कोण थाप मारतो आहे, सगळे.

त्या पोरांत एक होता ठेंगणा, तल्लख, सगळ्या गल्लीचा लाडका. त्याला सगळे धाकटाच म्हणत. तो वयाने वाढला, उंचीने काही वाढला नाही. निवडणुकीला उभा राहिला तेव्हा चौकातल्या गर्दीत तो दिसेचना. काकूंनी मला उचलून त्याच्या पुढ्यात ठेवले.

“चढ. पण ऐक, धाकट्या. इथली रीत आहे. मतं मागायला जो वर चढतो, त्यानं शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देऊनच उतरायचं.”

अशी रीत कधीच नव्हती. काकूंनी ती उभ्या उभ्या काढली होती! पण चौकाला ती आवडली. लोकांनी विचार विचार विचारले, धाकटा घामाने न्हाला, पण पाऊल हलले नाही. तो आमदार झाला आणि मला मागून घेऊन गेला. कचेरीत आल्यागेल्याला सांगे, “या स्टुलानं मला उभं केलं.” मला पॉलिश झाले, अंगावर मखमल आली. मी फुलून गेलो होतो, खोटे कशाला बोलू?

तो पुन्हा निवडून आला. मग त्याला उंच मंच मिळाले आणि माझी गरज सरली. माझ्यावर आधी सुकलेली कुंडी आली, मग रंगाचे डबे. एक पाय खिळखिळा झाला. विचारतो कोण?

अशात एके दिवशी कचेरीतल्या टीव्हीवर बातमी लागली. अधिवेशन संपता संपता आमदारांनी आपलाच पगार वाढवून घेतला होता. चर्चा नाही, हात मोजणे नाही. अध्यक्षांनी ‘होय’ म्हणा म्हटले, सभागृह एका सुरात गरजले, झाले काम. पाळणाघरात काम करणाऱ्या बायकांची पगारवाढ मात्र त्याच अधिवेशनात ‘तिजोरीत खडखडाट आहे’ म्हणून परत पाठवली होती.

दुसऱ्याच दिवशी काकू कचेरीत हजर. “माझं स्टूल न्यायला आलेय,” त्या कारकुनाला म्हणाल्या. “पुरावा मागशील तर तुझ्या साहेबाच्या पहिल्या चड्डीचं माप तोंडपाठ आहे मला.” कारकून हसू दाबत बाजूला झाला.

दुकानात शेजारचा सलूनवाला माझ्या खिळखिळ्या पायात पाचर ठोकत म्हणाला, “एका पगारावरून माणूस पाडायचा का, काकू? पूल त्यानंच आणला. आणि कटिंगचे दर मीही वाढवतोच की.”

“मीही शिलाई वाढवते. पण आधी दारावर पाटी लावते. गिऱ्हाईक भांडतं, मग देतं नाहीतर जातं. पाठमोऱ्या माणसाच्या खिशात हात घालत नाही मी.”

“मग त्याला विचारू तरी. काय म्हणाला ते कळायच्या आत हजामत कशी करायची?”

काकू सुईत दोरा ओवू लागल्या. धाकटा सभागृहात ‘नाही’ म्हणाला असेल, असेच त्यांना वाटत होते. त्याला माझ्यावर चढवून चौकापुढे त्याची हमी त्यांनीच दिली होती ना!

निवडणूक आली आणि धाकटा मते मागायला आला. मंच बांधून तयार होता, पण लोकांनी बोट दाखवले ते माझ्याकडे. तो चढला. पाळणाघरातली बाई कडेवर मूल घेऊन पुढे आली.

“दादा, एकच विचारते. तुम्ही होय म्हणालात का?”

“ताई, तो सभागृहाचा निर्णय होता.”

“सभागृहाला तोंड नसतं. तुमच्या तोंडाचं विचारतेय.”

“या भागासाठी मी पूल—”

“बघितलाय. रोज त्याच्यावरून पायीच जाते, बस परवडत नाही म्हणून.”

चौक हसला. मला मात्र त्याच्या टाचा उचलल्या गेलेल्या कळल्या. आणि मित्रांनो, उत्तर न देताच त्याने खाली उडी मारली.

काकूंनी बाईच्या कडेवरचे मूल आपल्याकडे घेतले. “चढ गं पोरी,” त्या म्हणाल्या.

बाईने निवडणुकीचा अर्ज भरला आणि मग काय सांगू! ती बाई, तिच्या मैत्रिणी आणि मी. चौकामागून चौक पालथे घातले. रीत वाऱ्यासारखी पसरली. गावोगावच्या घरांतून स्टुले बाहेर निघाली, स्वयंपाकघरातली, दवाखान्यातली, लंगडीसुद्धा. प्रत्येक आमदाराला वर चढावे लागले. ज्यांनी खरे सांगितले, त्यांतले काही तरले. ज्यांनी उड्या मारल्या, ते गेले.

निकालाच्या दिवशी आमची बाई निवडून आली. गुलाल नाही, हार नाही, ती आधी माझ्यावर चढली आणि म्हणाली, “विचारा.” त्या दिवशी माझ्यासारखा उंच राजवाड्याचा मनोराही नसेल!

मित्रांनो, एक मागणे आहे. जुने स्टूल डुगडुगले तर पाचर मारा, अडगळीत टाकू नका. आणि कोणाला वर चढवाल, तर घरी निघून जाऊ नका. समोर उभे राहा. विचारत राहा.

गर्दी पांगत होती तेव्हा धाकटा आला, एकटाच. बाईने त्याला वाट दिली. त्याला कोणी चढ म्हटले नाही. तो आपणहून चढला. काकूंनी मान वर केली नाही.

“काकू, होय म्हणालो मी,” तो म्हणाला. “कुणी भरीला घातलं नव्हतं. मला हवी होती ती वाढ.”