चादरीचं दुसरं टोक

भाजला माझा हात आणि वाघीण झाली माझी जाऊ. आता सांगा, जळफळाट होणार नाही तर काय होईल?

आम्ही दोघी एकाच लाँड्रीत कामाला आहोत. लाँड्री म्हणजे कोपऱ्यावरचं इस्त्रीचं दुकान नव्हे. हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी ट्रक भरभरून येतात, मोठमोठ्या मशिनींत धुतल्या जातात आणि पिळून आमच्यापुढे येतात. आमच्यापुढे म्हणजे रोलरपुढे. माणसाहून लांब लोखंडी लाटणं समजा, आतून वाफेनं तापवलेलं. ओली चादर एका बाजूनं आत जाते आणि कडक होऊन दुसऱ्या बाजूनं बाहेर येते. ती आत घालायला दोन बायका लागतात. एकीनं डावं टोक धरायचं, दुसरीनं उजवं, आणि दोघींनी अगदी एका वेगानं ते रोलरच्या तोंडाशी न्यायचं. एकीचा हात जरा मागे राहिला की चादर तिरकी जाते, चुण्या पडतात आणि ती परत धुवायला टाकावी लागते.

हे काम धाकटीला मी शिकवलं. माझ्या धाकट्या दिराची बायको ती. लग्न होऊन आली तेव्हा तिला साधी उशीची खोळ सरळ घालता येत नव्हती. मीच तिला लाँड्रीत चिकटवलं, माझ्या शेजारी उभं केलं, हात धरून वेग शिकवला. आज आमच्या जोडीसारखी जोडी त्या कारखान्यात नाही. हे मी म्हणत नाही, सगळे म्हणतात. फक्त म्हणताना तिचं नाव आधी घेतात.

तर, रोलरच्या तोंडापुढे एक आडवा दांडा असतो. म्हणजे असायला हवा. चादरीबरोबर बोटं पुढे गेली की ती आधी त्या दांड्याला लागतात आणि मशीन जागच्या जागी बंद पडतं. आमचा सुपरवायझर उठताबसता ‘घाई करा, घाई करा’ म्हणतो, म्हणून पाठीमागे आम्ही त्याला घाईसाहेब म्हणतो. सारखं मशीन थांबतंय हे त्याच्या डोळ्यांत खुपायला लागलं. एक दिवस त्यानं दांडाच काढून टाकला. सुरुवातीला आम्ही भीत भीत काम केलं, मग हात सरावले. बोटं पार रोलरच्या तोंडापर्यंत न्यायची आणि शेवटच्या क्षणी सोडायची. धाकटी आणि मी तर न बघता करायचो.

आणि एक दिवस माझी बोटं सुटायची ती सुटली नाहीत. चादरीची दुमड बोटांत अडकली आणि हात तिच्यासकट आत चालला. धाकटीनं भिंतीवरचं लाल बटण दाबलं म्हणून बोटं शाबूत राहिली, पण हाताची पाठ मनगटापर्यंत भाजली. बटण आपण दाबलं हे ती कधी बोलून दाखवत नाही. त्याची गरजच पडत नाही, बाकीचे बोलतात ना.

घाईसाहेब धावत आला. मला वाटलं, दवाखान्यात नेतोय. त्यानं आधी चादर पाहिली. मग म्हणाला, “लक्ष कुठे होतं तुमचं?” पेटीतली मलमाची ट्यूब हातावर ठेवली आणि उद्यापासून डाव्या हातानं घड्या घाला म्हणाला.

घरी आमचे हे म्हणाले, “जाऊ दे, होईल बरं.” सासूबाई म्हणाल्या, “जरा बघून काम करावं गं बाई.” धाकटी तेवढी ताट बाजूला सारून उठली.

“जाऊ दे कसं?” ती म्हणाली. “दांडा काढणं गुन्हा आहे. भाजलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी कामाला उभं करणं हाही गुन्हा आहे. कामगार कार्यालयात तक्रार घेतात. ताई, सुट्टीच्या दिवशी जाऊ या आपण.”

मी नाही म्हटलं. तिनं परत विचारलं, मी परत नाही म्हटलं. आता तुम्ही म्हणाल, विचारलं तर होतं की तिनं. पण विचारायचीही एक रीत असते. हात माझा, दुखणं माझं, आणि सगळ्यांसमोर ठरवणार ही! मी मनातल्या मनात जाणारच होते. थोडी सूज उतरू दे, एवढंच म्हणत होते.

ती एकटी गेली. तिथल्या साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, लिहून घेतलं, नाव गुप्त ठेवता येईल असंही सांगितलं. हिनं मात्र घाईसाहेबानं नुसतं ‘कुणी केली तक्रार?’ असं ओरडून विचारल्यावर, हातातली चादर न सोडता सांगून टाकलं, “मी केली.”

झालं. त्या दिवसापासून लाँड्रीत जो तो तिच्या मागे. धुलाईतली माणसं तिला पाहून उठून उभी राहायला लागली. गाठोडी उचलणारा म्हातारा, जो माझ्याशी कधी धड चार शब्द बोलला नाही, तो तिला ‘बेटा, जपून राहा’ म्हणाला. घरी तर विचारू नका. सासूबाई शेजारणीला सांगत होत्या, “आमची धाकटी म्हणजे वाघीण आहे वाघीण.” आणि आमचे हे, माझे स्वतःचे नवरे, ज्यांनी ‘जाऊ दे’ म्हटलं होतं, ते जेवताना म्हणाले, “धाकटीनं काय हिंमत दाखवली!” मी डाव्या हातानं वाढत होते. हातातलं पातेलं जरा जोरात खाली ठेवलं. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

मला धाकटीचा राग येत होता असं नव्हे. राग परवडला. ती हसली की वाटायचं, हे माझं हसू आहे. लोक तिला विचारायचे, ‘कसा भाजला हो हात?’, आणि ती माझ्या हाताची गोष्ट सांगायची. माझ्या!

घाईसाहेब माणसं ओळखण्यात पक्का. दुपारच्या सुट्टीत त्यानं मला त्याच्या काचेच्या खोलीत बोलावलं. चहा मागवला. कधी नव्हे ते मला बसायला सांगितलं.

“तुम्ही थोरल्या,” तो म्हणाला. “इतकी वर्षं काम करताय. आणि मिरवतंय कोण बघा. मी तर म्हणतो, रोलर विभागाच्या प्रमुख तुम्हीच व्हायला हवं होतं. तिकडे खिडकीजवळ खुर्ची टाकून देतो. बसून सगळ्यांवर नजर ठेवायची. धाकटी तुमच्या हाताखाली.”

मी चहा बशीत ओतला.

“कामगार कार्यालयातून तपासणीला बाई येणार आहेत. काय विचारतील? हात कुठे भाजला. घरीही भाजतो माणसाचा हात. दांडा तर जागेवरच आहे, कधी काढलाच नाही. तुम्ही तेवढं सांगा, की झालं.”

खरंच, दांडा जागेवर होता. आदल्याच दिवशी, आम्ही घरी गेल्यावर, त्यानं तो बसवून घेतला होता. नवा रंगसुद्धा दिला होता, आणि वर थोडी धूळ चोळली होती. एवढी अक्कल तो कामात वापरता तर!

तक्रार टिकणार की नाही हे आता माझ्यावर होतं. भाजलेल्या बाईनंच ‘घरी भाजलं’ म्हटलं की धाकटी खोटी पडणार होती, आणि खोटी तक्रार केली म्हणून तिला कामावरून काढायला घाईसाहेब मोकळा होता. हे मला अगदी स्पष्ट दिसत होतं. आणि तरीही मला सारखी दिसत होती ती खुर्ची. खुर्चीपेक्षाही, खुर्चीसमोर उभी असलेली धाकटी. मी म्हणतेय, ‘टोक नीट धर गं’, आणि ती म्हणतेय, ‘हो ताई.’

“सांगेन,” मी म्हटलं आणि चहा संपवला.

तपासणीच्या बाई आल्या त्या सकाळी. लहानखुऱ्या, पायांत साधे बूट. आधी मागचं दार उघडं आहे का ते पाहिलं, मग रोलरपाशी आल्या. घाईसाहेब त्यांच्या मागेपुढे.

“हा दांडा कधीपासून आहे?” बाईंनी विचारलं.

“मशीन आलं तेव्हापासून, मॅडम. या दोघी तर कित्येक वर्षं याच्यावरच काम करतात. त्यांना विचारा ना.”

बाईंनी माझ्या पट्टी बांधलेल्या हाताकडे पाहिलं. मी जीभ टाळूला चिकटवून उभी होते. वाक्य तयार होतं. पण त्यांनी विचारलंच नाही. म्हणाल्या, “चालवून दाखवा जरा. नेहमी घालता तशीच चादर घाला.”

मशीन सुरू झालं. हात पुरता बरा नव्हता, पण टोक धरता येत होतं. मी मनाशी पक्कं घोकलं होतं, दांडा आहे, अलीकडे थांबायचं. सावकाश घालायचं. पहिली चादर तशीच गेली. धाकटीही सावकाश होती. दुसरीही गेली. घाईसाहेब हसतमुख.

तिसऱ्या चादरीला धाकटीनं वेग घेतला.

मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं. तिचं टोक माझ्या टोकाच्या पुढे निघालं होतं. बाईंच्या देखत! सगळी लाँड्री बघत असताना! आता माझ्याच बाजूनं चादर तिरकी जाणार, चुण्या पडणार, आणि सगळे म्हणणार, थोरलीचा हात मागे पडला. जिला मी टोक धरायला शिकवलं ती मला मागे टाकणार?

मी हात झोकून दिला.

बोटं, नेहमी जातात तशी, पार रोलरच्या तोंडाकडे निघाली आणि दांड्यावर आपटली. मशीन खाडकन बंद पडलं. भाजलेल्या हातातून अशी कळ गेली की माझ्या तोंडून शिवी निघाली. धाकटीचा हात मात्र दांड्याच्या अलीकडेच थांबला होता.

वाफेची फुसफूस तेवढी ऐकू येत होती.

“कित्येक वर्षं याच दांड्यावर काम करता,” बाई शांतपणे घाईसाहेबाला म्हणाल्या, “आणि यांच्या हाताला तो तिथे आहे हे माहीत नाही?”

“मॅडम, चुकून… आज जरा गडबडल्या त्या…”

बाई माझ्याकडे वळल्या. “हात कुठे भाजला तुमचा?”

खुर्ची, खिडकी, सगळं तिथेच होतं. तोंड उघडायचा अवकाश. पण त्याच वेळी धाकटी एक पाऊल पुढे आली. “मॅडम, मी सांगते,” ती म्हणाली. “त्या दिवशी यांचा हात…”

“तू गप्प बस!” मी ओरडले. “हात माझा आहे. मी सांगणार.”

आणि मी सांगितलं. दांडा कधी काढला, का काढला, परत कसा बसवला, धूळ कुणी चोळली. चादरीची दुमड कशी अडकली, ते मीच सांगू शकत होते, कारण अडकली माझ्या बोटांत होती. मलमाची ट्यूब, दुसऱ्या दिवशीच्या घड्या, काचेच्या खोलीतला चहा. खुर्चीचंही सांगितलं. घाईसाहेब मध्ये मध्ये ‘अहो, अहो’ करत होता. मी त्याला म्हटलं, “आता कशाला घाई?” तर धुलाईतली माणसंसुद्धा हसली. बाई लिहून घेत होत्या आणि सगळी लाँड्री माझ्याकडे बघत होती, माझ्या एकटीकडे. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

मशीनला सील लागलं. मालकाला नोटीस गेली. माझ्या जबाबाखाली माझी सही झाली, आणि तक्रार केली म्हणून किंवा साक्ष दिली म्हणून कुणालाही काढता येणार नाही, हे बाईंनी घाईसाहेबाला सगळ्यांसमोर मोठ्यानं ऐकवलं.

घरी जाताना आम्ही दोघी शेजारी शेजारी चालत होतो. माझी मान बरीच ताठ होती. धाकटी माझ्या हाताकडे सारखी बघत होती.

“खूप लागलं का ताई?”

“लागणारच. तुला एवढा कसला वेग आला होता गं मध्येच?”

तिनं माझ्या हातातली पिशवी स्वतःकडे घेतली. मग म्हणाली, “त्या दिवशी काचेतून दिसलात तुम्ही. चहा पिताना. तुम्हाला बसवलेलं पाहिलं, तेव्हाच कळलं मला काय चाललंय ते.”

मी थांबले.

“समजावलं असतं तर तुम्ही ऐकलं नसतं,” ती म्हणाली. “पण मी पुढे गेले तर तुम्ही मागे राहणार नाही, एवढं मला ठाऊक होतं. मागे राहायचं नाही हे तुम्हीच तर शिकवलंय.”

म्हणजे हेसुद्धा तिनंच केलं! माझ्या तोंडून निघालेलं माझं सत्यसुद्धा! तिला तिथल्या तिथे एक ठेवून द्यावी असं वाटलं, आणि त्याच वेळी हेही कळत होतं की या जगात मला इतकं आतून ओळखणारं दुसरं कुणी नाही. नवराही नाही. मी तिच्याशी घर येईपर्यंत बोलले नाही.

सील निघालं आणि रोलर परत सुरू झाला तेव्हा हात बरा होता. दांडा पक्का बसवलेला, घाईसाहेबाच्या जागी नवा माणूस. धाकटीनं चादर उचलली, डावं टोक स्वतः धरलं आणि उजवं माझ्यापुढे केलं.

“सावकाश, ताई,” ती म्हणाली.

“मला शिकवू नकोस,” मी म्हटलं आणि माझं टोक तिच्याआधी दांड्यापाशी नेलं. चादर तिरकी गेली. परत धुवायला टाकावी लागली.