भुताच्या गालावरचं कुंकू

मी एक जुनी काच आहे, मित्रांनो. दारा-खिडकीची नव्हे हं, नाटकातली! माणसाएवढी उंच, आणि स्वभावानं जळकुटी. हे आधीच सांगून टाकते.

रायपूरच्या तात्यापाऱ्यात गणेशोत्सवात मराठी नाटकं व्हायची. रंगमंचावर मला तिरपी उभी करत. बाजूला लपलेल्या नटावर झगझगीत दिवा पडला, की त्याचं प्रतिबिंब माझ्यात उमटायचं आणि लोकांना वाटायचं, भूत हवेत उभं आहे! बाया किंचाळायच्या, टाळ्या पडायच्या. पण कोणाला? भुताला! मी दिसले नाही तरच माझं काम चांगलं. राबावं मी आणि मिरवावं त्यानं. कसं सहन व्हावं, सांगा बरं?

पुढे नाटकं थांबली. मी तिथल्याच विमलाबाईंच्या घरी कपाटामागे धूळ खात पडले. राज्य नवं झालं, राजधानी नवी झाली, आणि विमलाबाईंची सून मीनाक्षी नवा रायपूर शहरातल्या एका शाळेत विज्ञान शिकवू लागली. नाटक-सिनेमातल्या करामती दाखवून विज्ञान शिकवायचं तिनं ठरवलं आणि मला बाहेर काढलं. मी हरखले. पण शाळेत पोचते तो काय, तिथं धुराचं यंत्र आधीच ठाण मांडून बसलेलं! त्यानं फुस्स केलं की पोरं नाचायची. माझ्याकडे कोणी ढुंकून बघेना. माझा नुसता तिळपापड झाला. फुसफुशीला एवढं कौतुक!

वर, प्रयोग बघायला सोबत आलेल्या विमलाबाई सुनेला म्हणाल्या, "एवढी मोठी काच घरात काहून ठेवून राहिली, पोरी? आज जमलं तं शाळेले देऊन टाक. नाही तं सदर बाजारातल्या भैय्यालाल काचवाल्याले दे. कापून फोटोंच्या फ्रेमले तरी लावंल."

कापून! आजचा प्रयोग फसला की मी संपले.

मीनाक्षीनं मला पुसून लख्ख केलं आणि ती पडद्याच्या दोरीकडे गेली. तेवढ्यात विमलाबाई आल्या. दसऱ्याला विळी-कात्रीला लावतात तसं, चांगलं काम सुरू होतंय म्हणून, त्यांनी माझ्यावर डोक्याच्या उंचीला कुंकवाचं भलंमोठं बोट ओढलं. सुनेला पत्ताच नाही!

पडदा उघडला. बाजूला लपलेला, पांढरी चादर पांघरलेला विद्यार्थी ऋषिकेश माझ्यात भूत होऊन उभा राहिला. आणि पोरं खिदळायला लागली.

"दीदी, भूत की नाक पे टीका!"

"नाक पे कहाँ? गाल पे है!" दुसऱ्या टोकाची पोट्टी ओरडली.

"अरे, कान पे है!"

"आई, काय करून ठेवलं हे!" मीनाक्षी फडकं घेऊन धावली. झालं, आता भैय्यालालच! पण माझ्यापाशी येऊन ती थबकली. तिनं पोरांना विचारलं, कुंकू एकच, मग प्रत्येकाला वेगळ्या जागी कसं दिसतं? पोरं जागा बदलून बघू लागली. पोरं सरकली तसं कुंकू भुताच्या तोंडावरून सरकलं. मग तिनं ऋषिकेशला माझ्याजवळ बोलावलं. तो जवळ आला तसं भूतही कुंकवाजवळ आलं आणि कुंकवाचं सरकणं कमी झालं.

"भूत काँच पे नहीं, काँच के पीछे है!" ती पोट्टी ओरडली. "जितना ऋषिकेश सामने, उतना पीछे!"

सगळा वर्ग माझ्याभोवती गोळा झाला. धुराचं यंत्र कोपऱ्यात फुसफुसत राहिलं. कोणी वळून पाहिलं नाही. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं!

शेवटी विमलाबाई ओशाळून पदरानं कुंकू पुसायला आल्या. पोरांनी त्यांचा हात धरला. "आजी, मत पोंछो ना!"

आजवर मी दिसू नये म्हणून लोक मला पुसत आले होते. मी दिसावी असं पहिल्यांदाच कोणाला वाटलं.

आता मी शाळेतच असते. यंत्र शेजारी जळत असतं. जळू दे मेलं. तुम्ही आलात तर मला मऊ फडक्यानं पुसा, मित्रांनो. तेवढं एक बोट मात्र राहू द्या.