डाव्या कानाचे टाके

"माणूस नावाच्या प्राण्याचा सगळा इतिहास म्हणजे तुटलेलं जोडण्याचा इतिहास आहे," असं डोस म्हणाला, आणि त्याच क्षणी त्याच्या उजव्या पायमोज्याने पेट घेतला.

पुढची काही मिनिटं इतिहास बाजूला राहिला. ड्रॉइंग मास्तरांनी हातातला पेला पायमोज्यावर ओतला. पेल्यात पाणी नसून चहा होता, हे डोसच्या किंकाळीवरून कळलं. मग डोसने पाय झटकला, पायमोजा काढून खुंटीला टांगला आणि म्हणाला, "तर मी काय सांगत होतो?"

हौशी वेल्डरांची ही बैठक दर रविवारी दुपारी दंतवैद्यांच्या गॅरेजात भरत असे. मोटार बाहेर उन्हात उभी राही आणि यंत्रं आत सावलीत. पोटापाण्यासाठी वेल्डिंग करणारा एकही माणूस या मंडळात नव्हता. तसा एकजण पूर्वी आला होता, पण सगळं ऐकून घेऊन तो नमस्कार करून गेला, तो परत फिरकला नाही. मंडळातल्या प्रत्येकाच्या घरात नाहीतर नात्यात एखादा लहानसा ट्रॅक्टर होता, आणि त्या ट्रॅक्टरच्या मागे काहीतरी जोडायचं राहिलं आहे अशी प्रत्येकाची खात्री होती.

त्या दिवशी बेकरीवाला नव्याने आला होता. त्याच्या सासऱ्यांच्या ट्रॅक्टरला माती उचलायचं सूप करायचं होतं, आणि मशीन कोणतं घ्यावं एवढंच त्याला विचारायचं होतं. एवढंच विचारून तो सुटेल अशी त्याची समजूत होती.

दंतवैद्यांनी आधी आपलं मशीन दाखवलं. तारेचं. बटण दाबलं की तार आपोआप पुढे येते. दंतवैद्य जोडाच्या मागची बाजू छोट्या आरशात बघितल्याशिवाय पुढे सरकत नसत, आणि सुरू करण्यापूर्वी लोखंडाला हळूच "थोडं लागेल हं" असं म्हणत. गवताचे गठ्ठे उचलायचा काटा त्यांनी इतका सुबक केला होता, की तो गवताला लावायला त्यांचा जीव होत नव्हता. तो दिवाणखान्यात होता.

ड्रॉइंग मास्तरांचं मशीन जुनं आणि बोजड. ते कामाला बसले की गल्लीतले पंखे दमल्यासारखे फिरायला लागत. जमीन सपाट करायचं पातं त्यांनी केलं होतं. त्याचं समोरून, वरून आणि बाजूने असं तिन्ही अंगांनी चित्र काढलं होतं. प्रत्यक्षात आलेलं पातं मात्र या तिन्हींतल्या कशासारखंच नव्हतं.

"पण सरळ रेघ ओढतो मी," मास्तर म्हणाले.

"रेघ ओढता. लोखंड तिच्यावर येत नाही," दंतवैद्य म्हणाले.

मग डोस उठला. चाळीस वर्षं त्याने औषधांच्या दुकानात काढली होती, आणि बाटलीबरोबर गिऱ्हाइकाला उपदेश पाजल्याशिवाय कधी सोडलं नव्हतं. म्हणून हे नाव. निवृत्त झाल्यावर गिऱ्हाइकं गेली, डोस उरला.

"पहिली गोष्ट, वेल्डिंगचा रॉड कोरडा हवा," तो बेकरीवाल्याला म्हणाला. "ओल्या रॉडचा जोड फुसका. मी भट्टीत भाजून घेतो. घरातल्याच."

बेकरीवाल्याचा चेहरा प्रथमच उजळला. "फुगतात का?"

"नाही."

"मग काय उपयोग," बेकरीवाला स्वतःशीच म्हणाला.

"दुसरी गोष्ट, टाका. शिवणात टाका घालतात ना, तसा. थेंबभर वेल्डिंग, भाग नुसता जागेवर धरायला. सगळीकडे आधी टाके घालायचे, गुण्या लावून काटकोन बघायचा आणि मग एकेक जोड पूर्ण भरायचा. टाक्यावर भार टाकायचा नाही. टाका म्हणजे नुसतं 'येतो' म्हणणं. वेल्डिंग म्हणजे येणं!"

"वा," मास्तर म्हणाले.

या 'वा'मुळे डोसला स्फुरण चढलं आणि तो पेटीकडे वळला. पेटी हे त्याचं सर्वांत मोठं काम होतं. त्याच्या ताईचे गुडघे गेले होते. घर ते लिंबाची बाग एवढं चालणंही तिला होईना, आणि बागेत गेल्याशिवाय तिला करमेना. तेव्हा डोसने भावोजींच्या ट्रॅक्टरच्या मागे बसेल अशी लोखंडी पेटी केली. ट्रॅक्टरच्या मागचे उचलणारे दोन हात पेटीच्या खालच्या दोन कानांना धरतात. कान म्हणजे पिन अडकवायची भोकाची जाड पट्टी. पेटीत खुर्ची ठेवायची, खुर्चीत ताई बसायची आणि भावोजींनी लिफ्ट वर घ्यायची. लहानपणी ताईने डोसला कडेवर घेऊन शाळेत पोचवलं होतं. आता तिला पोचवायची पाळी आपली, असं त्याला मनापासून वाटलं होतं. ताई गावभर सांगत फिरे, म्हणजे पेटीतून फिरे आणि सांगे, "माझ्या भावाने केलीय."

डोसने एक स्टूल पालथं घातलं. "ही पेटी समजा. उजव्या कानाला टाके घातले. डाव्या कानाला टाके घातले. तपासलं. मग उजवा कान भरला, आतून, बाहेरून. सोनं! तेवढ्यात रॉड संपले. मी भट्टीतून रॉड आणायला घरात गेलो. घरात पानं वाढलेली होती. जेवलो. हात धुतले. बाहेर आलो आणि..."

डोसचा हात स्टुलाच्या डाव्या पायापाशी येऊन थांबला.

बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात रॉड नव्हते. ब्रश होता. निळा रंग. जेवताना बायको म्हणाली होती, ताईंना निळा आवडतो.

"आणि?" बेकरीवाल्याने विचारलं.

"आणि रंग दिला."

"आणि तो डावा?"

"डाव्यालाही दिला," डोस म्हणाला.

हे खोटं नव्हतं. रंग डाव्यालाही दिला होता. चांगले दोन हात.

टाळ्या वाजल्या. मास्तरांनी तर उभं राहून वाजवल्या. डोसने हात जोडून त्या स्वीकारल्या, आणि एकेक टाळी त्याच्या पाठीत धपाट्यासारखी बसली. तोंड उघडायला हीच वेळ होती, हे त्याला कळत होतं. त्याने तोंड उघडलं आणि म्हणाला, "पाणी पिऊन येतो."

गॅरेजच्या मागच्या भिंतीआड जाऊन त्याने ताईला फोन लावला. मनात वाक्य तयार होतं: मी विसरलो, तू त्यात बसू नकोस. पण 'मी विसरलो' हे दोन शब्द काही बाहेर पडेनात. माणूस अडचणीत सापडला की स्वतःच्या धंद्याच्या भाषेत शिरतो. दंतवैद्य लॅटिनमध्ये शिरतात. डोसचा धंदा सुटलेला, तेव्हा तो छंदाच्या भाषेत शिरला.

"ताई, ऐक. डाव्या कानाला नुसते टाके पडलेत."



"अगं बाई! कधी?"

"तेव्हाच. मला आत्ता लक्षात आलं."

"आत्ता? अरे, शुद्धीवर आहेस ना? किती टाके?"

"तीन. म्हणून म्हणतो, तू..."

"बोलू नकोस! अजिबात बोलू नकोस, टाके ताणतील! अहो, ऐकलंत का, ट्रॅक्टर काढा!"

फोन बंद झाला.

डोस भिंतीपाशी उभा राहिला. टाके ताणतील. हे ताईला कसं कळलं? क्षणभर त्याला बहिणीचा अभिमानच वाटला. दुसऱ्या क्षणी त्याचा हात आपोआप स्वतःच्या डाव्या कानाकडे गेला. कान जागेवर होता, धडधाकट होता, आणि गरम व्हायला लागला होता.

त्याने पुन्हा फोन लावला. वाजत राहिला. ताई फोन घरीच ठेवून निघाली होती. भावोजी फोन वापरत नसत, आणि त्यांच्याकडे ट्रॅक्टरखेरीज दुसरं वाहन नव्हतं. म्हणजे ताई आता खुर्चीत बसून, पेटीत बसून, त्याच कानाच्या भरवशावर त्याला बघायला येत होती. 'पेटीच्या' हा एक शब्द वाचवायला गेलेल्या माणसाने बहिणीला उचलून पेटीत बसवलं होतं.

"डॉक्टर, मोटार काढा," डोस आत येऊन म्हणाला. "ताईच्या रस्त्याला."

दंतवैद्यांनी मोटार काढली. ते मोटारही आरशात बघितल्याशिवाय पुढे घेत नसत.

"पेटीचं थोडं काम राहिलंय," डोस पुढच्या सीटवरून म्हणाला.

"थोडं म्हणजे?"

"एक कान."

मग मागून मास्तर दुखावलेल्या आवाजात म्हणाले, "अहो, आम्ही टाळ्या वाजवल्या."

"परत घ्या," डोस म्हणाला. "पण जरा जोरात चालवा हो डॉक्टर. ती बसलीय त्यात."

"आणि तुम्ही रंग दिलात," बेकरीवाला म्हणाला. त्याला काही सुचवायचं नव्हतं, तो नुसता घडलेलं जुळवून बघत होता. "म्हणजे कच्चंच, पण वरून छान. आमच्यात असा पाव निघतो कधीकधी. आम्ही तो विकत नाही."

डोसने खिडकीतून बाहेर बघितलं.

पुलाच्या अलीकडच्या चढावर समोरून ट्रॅक्टर येताना दिसला. नेहमी बैलाच्या चालीने ट्रॅक्टर चालवणारे भावोजी आज धूळ उडवत होते. त्यांच्या मागे, उंच उचललेल्या निळ्या पेटीत, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, पदर कमरेला खोचून आणि मांडीवरची पिशवी घट्ट धरून ताई बसली होती. तिच्या आणि मोटारीच्या मध्ये एक गतिरोधक होता. साधासुधा नव्हे, एखाद्या माणसाला पुरून वर डांबर ओतल्यासारखा.

डोस चालत्या मोटारीतून उतरला. मोटार दंतवैद्य चालवत असल्यामुळे हे फारसं अवघड नव्हतं. एका पायात मोजा, एका पायात नाही, कपाळावर सरकवलेला वेल्डिंगचा काळ्या काचेचा मुखवटा, अशा अवतारात तो दोन्ही हात पसरून गतिरोधकावर जाऊन उभा राहिला आणि ओरडला, "खाली! खाली घ्या!"

मेहुण्याला वात झाला अशी भावोजींची खात्री पटली. त्यांनी ब्रेक दाबला. ट्रॅक्टर गतिरोधकाच्या अलीकडे थांबला, आणि वेड्याचं ऐकावं तसं त्यांनी हळूहळू लिफ्ट खाली घेतली. पेटी रस्त्याला टेकली. टक्.

ताई मास्तर आणि बेकरीवाला या दोघांचा आधार घेऊन उतरली आणि थेट डोसपाशी आली. तिने त्याचं डोकं दोन्ही हातांनी धरून आधी डावा कान बघितला, मग उजवा, मग खात्रीसाठी पुन्हा डावा. पिशवीतून तिने कापूस काढला होता. तो हातातच राहिला.

"कुठायत टाके?"

"शालकबुवा," भावोजी वरूनच म्हणाले, "कान तर दोन्ही शाबूत दिसतायत. मधलं काही सटकलंय का?"

"पेटीचा कान," डोस म्हणाला. "डावा. मी भरायला विसरलो, ताई. जेवायला गेलो आणि विसरलो. आणि वर रंग दिला."

भावोजी उतरले. खिशातल्या किल्लीने त्यांनी डाव्या कानावरचा निळा रंग खरवडला. दंतवैद्यांनी छोटा आरसा पुढे केला. तीन टाके. एकाला आरपार तडा. दुसरा केव्हाचा सुटलेला, आत गंज धरलेला. तिसरा धरून होता.

ताई त्या तिसऱ्यावर बसून आली होती. आज, आणि आज काही पहिल्यांदा नाही.

"बागेत लिंबाची पोती पण याच्यातूनच आणतो आम्ही," भावोजी म्हणाले. त्यांनी टोमणा मारला असता तर डोसला बरं वाटलं असतं. पण ते नुसतेच म्हणाले, आणि किल्ली पँटला पुसली.

मास्तरांनी पेटीतली खुर्ची काढून रस्त्याच्या कडेला ठेवली. ताई तिच्यात बसली.

"मला फोनवर सरळ का नाही सांगितलंस?"

"लाज वाटली."

"माझी?"

"तू सगळ्यांना सांगत असतेस ना. भावाने केलीय म्हणून."

"सांगते," ताई म्हणाली. "मग? आता काय सांगू?"

डोसने भर रस्त्यात दोन्ही हातांनी कान पकडले. मंडळ मागे ओळीने उभं होतं. पुलावर दोन गाड्या थांबल्या होत्या आणि त्यातली माणसं काचा खाली करून बघत होती. "ताई, मी यापुढे मशीनला हात लावणार नाही," तो म्हणाला. "पेटी चांगल्या वेल्डरकडे नेऊन पहिल्यापासून करून आणतो. मंडळातही सांगतो. गावातही सांगतो, घरोघर जाऊन सांगतो, की हिच्या भावाने केलेली नुसती रंगवलेली होती. तू रागाव. मार हवं तर. पण काहीतरी बोल."

ताईने त्याच्याकडे नीट बघितलं. राग आहे की माया, की दोन्ही, हे तिच्या चेहऱ्यावरून कळेना.

"खाली वाक," ती म्हणाली.

डोस वाकला. कानफटीत बसणार म्हणून त्याने डोळे मिटले आणि गाल पुढे केला. मनातून त्याला थप्पड हवीच होती.

"आणखी खाली," ताई म्हणाली. "घाईत माझ्या चपलेचा पट्टा सुटलाय. तेवढा लाव. मला वाकता येत नाही."