हात न जोडणारी मुलगी

मुख्याध्यापिकाबाईंनी पोरीचे दोन्ही हात धरून जोडले. त्यांनी सोडताच पोरीने ते पुन्हा खाली नेले. सगळी सरकारी शाळा मैदानात प्रार्थनेला उभी, आणि नववीतली ही एवढीशी मुलगी म्हणते कशी,

"बाई, माझा नाही विश्वास. मी गप्प उभी राहीन, कुणाला त्रास देणार नाही."

"उद्या आत्याला घेऊन ये. नाहीतर दाखला घेऊन जा."

आईबापांमागे पोर आत्यानेच वाढवलेली. बाईंनी तिला बोलावलं ते हिशेबानेच. आत्या पक्की भाविक. दर आठवड्याच्या प्रार्थनासभेत बाईंच्याच शेजारी बसून हीच प्रार्थना डोळे मिटून म्हणायची. तीच पोरीचे कान उपटेल, आपल्याला तोंड वाजवायला नको, असं बाईंना वाटलं.

आत्या बस चालवायची. कामाच्या कपड्यांतच आली. तिला पाहून पोरीने मान खाली घातली. घरी याच विषयावरून दोघींचं कितीदा तरी वाजलं होतं.

"समजवा हिला," बाई म्हणाल्या. "तुम्ही तर आपल्यातल्या."

"मी थकले समजावून. हट्टी आहे, माझ्यावरच गेलीय." आत्या खुर्चीत टेकली. "पण तुम्ही कशाला जोडायला लावता हात?"

"शिस्त नको का?"

आत्याचा चेहरा उतरला. तिला खरंच लागलं होतं ते.

"मी रोज सकाळी मनापासून म्हणते हो ती प्रार्थना. ती तुम्ही शिस्तीला जुंपलीत? हिच्या मनात नसेल तर हिने म्हणू नये. दाखला काही मी नेणार नाही. शाळा सरकारी आहे, हिचीही आहे. वर तक्रार करायची तर आत्ताच जाते. अर्ध्या दिवसाची रजा टाकूनच आलेय."

पोरीचा जीव भांड्यात पडला, आणि वर मेले डोळेही भरून आले.

बाईंनी दाखल्यांचं पुस्तक मिटून ठेवलं. सरकारी शाळेत प्रार्थनेची सक्ती करता येत नाही, हा कायदा त्यांना काय ठाऊक नव्हता?

दुसऱ्या दिवशी त्यांनी माइक हातात घेतला.

"ज्यांना म्हणायचीय त्यांनी म्हणा. बाकीच्यांनी शांत उभं राहा."

पोर मान ताठ करून उभी राहिली, हात खाली. मागच्या रांगांतही एकेकाचे हात खाली आले. कुणी कुजबुजलं नाही.

प्रार्थना सुरू झाली. निम्मेच आवाज. बाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या. मग त्यांनी नीट कान दिला. कित्येक वर्षांत पहिल्यांदाच ती सुरात होती.

बाईंचे डोळे मिटले.